प्रकल्पासाठी इंटरनेटवरचा संदर्भ घेण्यापूर्वी तो कसा तपासावा

‘महाराष्ट्रातील लिंग गुणोत्तर’ हा विषय घेऊन एखादा विद्यार्थी इंटरनेटवर टिपणे काढायला बसला, तर थोड्याच वेळात त्याच्या वहीत एकमेकांशी न जुळणारे आकडे जमा होतात. एका ठिकाणी दर हजार पुरुषांमागे ९२५ स्त्रिया असे लिहिलेले असते, दुसरीकडे ९२९. संपूर्ण देशासाठी कुठे ९४०, कुठे ९४३, तर कुठे थेट १,०२०. हे सगळे आकडे वृत्तपत्रांच्या, शासनाच्या आणि शिक्षणसंस्थांच्या संकेतस्थळांवर आढळतात, त्यामुळे ‘चांगल्या संकेतस्थळावरचे घ्यावे आणि वाईटावरचे टाळावे’ हा नेहमीचा सल्ला इथे उपयोगी पडत नाही. शिवाय यांपैकी एकही आकडा कोणी मनाने रचलेला नाही. कोणता आकडा कोणी, केव्हा आणि काय मोजून काढला, एवढे कळले की गोंधळ मिटतो. म्हणून या लेखातील सगळी पद्धत एका भूमिकेवर उभी आहे: विश्वसनीयता संपूर्ण संकेतस्थळाला एकदाच बहाल करायची गोष्ट नाही, आपण प्रकल्पात जे विधान उतरवून घेणार आहोत, त्या प्रत्येक विधानाची ती स्वतंत्रपणे तपासावी लागते.

आकडा मुळापर्यंत न्यावा

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. २०११ च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे ३१ मार्च २०११ रोजी जाहीर झाले. प्रगणकांनी भरलेल्या गोषवाऱ्यांची घाईने बेरीज करून ते काढलेले होते. त्यांत महाराष्ट्राचे लिंग गुणोत्तर ९२५, शून्य ते सहा वयोगटातील बालकांचे गुणोत्तर ८८३ आणि साक्षरतेचे प्रमाण ८२.९१ टक्के होते. पुढे प्रत्यक्ष अनुसूचींवरून अंतिम तक्ते तयार झाले, तेव्हा हेच आकडे अनुक्रमे ९२९, ८९४ आणि ८२.३४ टक्के झाले. संपूर्ण भारताचे गुणोत्तर त्याच रीतीने ९४० वरून ९४३ वर आले. बातम्या मात्र तात्पुरत्या आकड्यांच्या वेळीच मोठ्या प्रमाणावर छापून आल्या होत्या, आणि ती जुनी पाने आजही शोधात सहज वर येतात. बालकांच्या गुणोत्तरात ८८३ आणि ८९४ यांतील फरक लहान नाही. त्यावर एखादा संपूर्ण निष्कर्ष उलटू शकतो. त्यामुळे जनगणनेचा कोणताही आकडा घेताना ‘तात्पुरता की अंतिम’ हा प्रश्न आधी विचारावा, आणि उत्तर बातमीत न शोधता महानिबंधक व जनगणना आयुक्त यांच्या कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत शोधावे.

१,०२० हा आकडा कुठून आला? तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला आहे. ही फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती पार पाडली. सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांची ही नमुना पाहणी होती. आदल्या रात्री घरात मुक्कामाला असलेल्यांची तीत गणती झाली, त्यामुळे कामासाठी घराबाहेर, बांधकामाच्या जागी किंवा बराकीत राहणारे पुरुष अशा मोजणीतून निसटण्याची शक्यता असते. जनगणना प्रत्येक माणसाची नोंद करण्याचा प्रयत्न करते. दोन्ही साधने आपापल्या जागी भरवशाची आहेत. पण एकातील ९४३ आणि दुसऱ्यातील १,०२० शेजारी ठेवून ‘दहा वर्षांत स्त्रियांचे प्रमाण एवढे वाढले’ असे लिहिणे ही चूक होईल. याच सर्वेक्षणात जन्मावेळचे लिंग गुणोत्तर देशासाठी ९२९ असे आहे. म्हणजे ९२९ हा एकच आकडा एका कागदावर महाराष्ट्राच्या एकूण लोकसंख्येविषयी बोलतो, तर दुसऱ्यावर भारतात नुकत्याच जन्मलेल्या बालकांविषयी. आकड्याबरोबर त्याची व्याख्या, प्रदेश आणि वर्ष उतरवून घेतले नाही, तर महिनाभराने वहीतील ते ९२९ कशाचे होते हे स्वतः विद्यार्थ्यालाही सांगता येणार नाही.

प्रदेशाची सीमा हीदेखील अशीच फसवी बाब आहे. २०११ साली ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि राज्यातील जिल्ह्यांची संख्या ३५ वरून ३६ झाली. त्यानंतरच्या ठाण्याविषयी लिहिताना २०११ चा आकडा जसाच्या तसा देणारी असंख्य पाने आजही आहेत. जिल्ह्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही वर्षांत त्यांच्या हद्दी सारख्या होत्या का, हे पाहणे आवश्यक आहे. नाव बदललेल्या जिल्ह्यांबाबत शोध दोन्ही नावांनी घ्यावा, कारण धाराशिवची जुनी माहिती उस्मानाबाद या नावाखाली आहे आणि छत्रपती संभाजीनगरची औरंगाबाद या नावाखाली.

एक कसोटी अगदी झटपट लावता येते. ‘२०२१ च्या जनगणनेनुसार’ असे शब्द भारताविषयीच्या एखाद्या पानावर दिसले, तर त्या पानावरच्या इतर आकड्यांकडेही संशयाने पाहावे. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि त्या वर्षी ती झालीच नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख अधिसूचित झाली आहे. २०२१ सालाच्या नावाने फिरणारे आकडे फार तर अंदाज असतात. अंदाज वापरण्यास हरकत नाही, परंतु तो कोणी बांधला आणि त्याला अंदाजच म्हटले आहे का, हे पाहावे.

पानावर न रेंगाळता बाहेर पडावे

बहुतेक विद्यार्थी अनोळखी संकेतस्थळ तपासताना तेच पान वरपासून खालपर्यंत वाचतात: मांडणी नीटनेटकी आहे का, बोधचिन्ह आहे का, ‘आमच्याविषयी’ या दुव्याखाली काय लिहिले आहे, खाली संदर्भ दिले आहेत का. या सगळ्या गोष्टी संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या हातात असतात आणि आज त्या थोड्या खर्चात उभ्या करता येतात. एखाद्या संस्थेविषयी तिचे स्वतःचे मत वाचून तिची पारख होत नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी केलेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी पीएचडी झालेले १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ पदवी विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे तपासायला दिली. त्यांपैकी एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पाने होती. एक १९३० साली स्थापन झालेली, हजारो सदस्यांची प्रमुख व्यावसायिक संघटना. दुसरी २००२ साली वैचारिक मतभेदांतून वेगळी झालेली छोटी संघटना, जिचे नाव जवळपास तसेच आहे आणि जिचे पान दिसायला तितकेच भारदस्त आहे. बहुसंख्य विद्यार्थ्यांना दुसरीच अधिक विश्वासार्ह वाटली आणि इतिहासकारांपैकीही अनेक जण गोंधळले. तथ्य-तपासनिसांनी मात्र पानावर फारसा वेळ घालवला नाही. काही क्षणांतच नवे टॅब उघडून या संघटनेविषयी इतर लोक काय म्हणतात ते त्यांनी शोधले आणि योग्य निर्णय दिला. वाचनात मुरलेल्या विद्वानांनाही जे साधले नाही ते या एका सवयीने साधले, म्हणून ती विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासूनच अंगी बाणवावी.

प्रत्यक्षात हे असे करावे. संकेतस्थळाचे किंवा संस्थेचे नाव उचलावे, नव्या टॅबमध्ये टाकावे आणि त्या संकेतस्थळाबाहेरची माहिती वाचावी: संस्था कोणी काढली, तिला पैसा कुठून येतो, तिच्याविषयी बातम्या, न्यायालयीन प्रकरणे किंवा टीका आहे का. लेखकाचे नाव दिलेले असेल, तर त्याने त्याच विषयात आणखी काय लिहिले आहे ते पाहावे. हृदयरोगतज्ज्ञाने मराठेशाहीवर लिहिलेला लेख उत्तम असू शकतो, पण त्याची वैद्यकीय पदवी त्या लेखाची हमी देत नाही. पत्त्याच्या शेवटच्या अक्षरांवरून थोडी माहिती मिळते: ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट शासकीय कार्यालयांसाठी आणि ‘एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांसाठी राखीव असतो, तर ‘डॉट ऑर्ग’ कोणालाही विकत घेता येतो. मात्र महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढवलेली वर्गातील टिपणे ही शेवटी टिपणेच असतात, हे विसरू नये.

अवतरणाची उलटतपासणी

थोरांच्या नावाने फिरणारी वाक्ये हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतील सर्वांत कच्चा दुवा आहे. याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटिश राजकारणी आणि लेखक मेकॉले याच्या तोंडी घातलेले एक अवतरण. ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा असेल तर त्याची जुनी शिक्षणपद्धती बदलली पाहिजे’ अशा आशयाचे हे इंग्रजी अवतरण भाषणांत, भित्तिपत्रकांवर, पुस्तकांत आणि असंख्य पानांवर आढळते. त्याखाली ‘ब्रिटिश संसदेतील भाषण, २ फेब्रुवारी १८३५’ असा संदर्भ दिलेला असतो. नेमकी तारीख आणि नेमके ठिकाण दिसले की वाचणाऱ्याला वाटते की कोणीतरी तपासूनच हे लिहिले असणार. पण नेमकेपणाचा एक फायदा असा की तो पडताळता येतो.

पहिला प्रश्न: त्या दिवशी मेकॉले कुठे होता? त्याने १८३४ च्या आरंभी संसदेतील आपली जागा सोडली, जून १८३४ मध्ये तो मद्रासला उतरला आणि गव्हर्नर जनरलच्या मंडळाचा विधी सदस्य म्हणून १८३८ पर्यंत भारतात राहिला. २ फेब्रुवारी १८३५ रोजी तो कलकत्त्यात होता, आणि त्या काळी तिथून लंडनला जहाजाने पोहोचायला काही महिने लागत. दुसरा प्रश्न: त्या दिवशी त्याने काही लिहिले का? लिहिले. शिक्षणविषयक त्याचे प्रसिद्ध टिपण याच तारखेचे आहे, आणि त्याचा संपूर्ण मजकूर कलकत्त्याहून १९२० साली प्रसिद्ध झालेल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या शासकीय संग्रहात छापलेला असून इंटरनेटवरही वाचता येतो. तिसरा प्रश्न: फिरणारे वाक्य त्यात आहे का? नाही. उलट, चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचे एक फडताळ भारताच्या आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचे आहे, असा तुच्छतेचा सूर त्यात आहे. भारताच्या नीतिमत्तेची स्तुती त्या माणसाच्या विचारांशी जुळतच नाही. ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचे जुने वृत्तांतही आज इंटरनेटवर शोधता येतात, त्यामुळे चौथी तपासणीही घरबसल्या करता येते.

या तपासणीत विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही, लाभच होतो. वसाहतवादी शिक्षणावर टीका करायची असेल, तर ‘रक्ताने आणि रंगाने भारतीय, पण आवडीनिवडी, मते, नीती आणि बुद्धी यांनी इंग्रज असा वर्ग’ घडवण्याविषयीचे मेकॉलेचे अस्सल वाक्य त्याच टिपणात आहे, आणि ते बनावट अवतरणापेक्षा पुष्कळ अधिक सांगते.

हेच प्रश्न कोणत्याही अवतरणाला विचारावेत. महात्मा फुले, आगरकर, डॉ. आंबेडकर यांच्या नावाने सुविचारांची जी चित्रे फिरतात, त्यांपैकी अनेकांखाली ग्रंथाचे नाव, पान किंवा वर्ष काहीच नसते. फुले आणि आंबेडकर यांचे समग्र लेखन महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले असून आंबेडकरांचे खंड इंटरनेटवर मिळतात. वाक्य त्यांत सापडले तर खंड आणि पृष्ठ लिहून वापरावे. सापडले नाही तर वाक्य कितीही आवडले तरी ते सोडून द्यावे.

एकच वाक्य शंभर पानांवर आहे म्हणून ते शंभरदा सिद्ध होत नाही. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे गावोगाव फिरून गोळा करणारे आणि १८९८ पासून ती छापणारे वि. का. राजवाडे एका अस्सल कागदाला अनेक बखरींच्या एकमतापेक्षा अधिक वजन देत असत. इंटरनेटवर त्या भूमिकेची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. दहा वृत्तपत्रांनी एकच बातमी दिली, पण ती सगळ्यांनी एकाच वृत्तसंस्थेकडून घेतली असेल, तर साधन एकच धरावे.

विकिपीडिया आणि विश्वकोश

‘विकिपीडिया वापरू नका’ असे सांगून शिक्षक मोकळे होतात आणि विद्यार्थी तो गुपचूप वापरतात. दोन्ही गोष्टींनी नुकसान होते. विकिपीडिया ही विषयात शिरण्याची चांगली वाट आहे. तिथे मुक्काम करू नये, एवढेच. लेखातील विधानापुढचा तळटिपेचा क्रमांक दाबावा, मूळ संदर्भ उघडावा, त्यात ते विधान खरोखर आहे का ते वाचावे आणि प्रकल्पात त्या मूळ संदर्भाचा उल्लेख करावा. तळटीप नसेल तर विधान घेऊ नये. ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ हे दुवे उघडले की लेखात कोणत्या मुद्द्यावर वाद आहे हेही कळते. मराठी आणि इंग्रजी आवृत्तींतील लेख स्वतंत्रपणे लिहिलेले असतात, त्यामुळे दोन्ही पाहावेत.

विकिपीडियावरच्या चुका फिरून स्वतःलाच आधार देऊ लागतात, हा धोका मात्र खरा आहे. २००८ साली एका अमेरिकी विद्यार्थ्याने दक्षिण अमेरिकेतील कोआटी या प्राण्याच्या लेखात ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असे एक मनचे टोपणनाव घातले. पुढे काही वृत्तपत्रांनी ते उचलले, आणि मग त्याच वृत्तपत्रांचा संदर्भ त्या नावाचा पुरावा म्हणून लेखात दिसू लागला. म्हणून संदर्भ उघडल्यावर त्याची तारीखही पाहावी: तो विकिपीडियावरील नोंदीच्या आधीचा आहे की नंतरचा?

मराठी विश्वकोश ही वेगळ्या जातीची साधनसंपत्ती आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला सुरू झालेल्या या प्रकल्पाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील नोंदी आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. नोंदीखाली लेखकाचे नाव आणि बहुधा संदर्भग्रंथ असतात, आणि परिभाषा काळजीपूर्वक वापरलेली असते. संकल्पना समजून घेण्यासाठी मराठीत याहून चांगले आरंभस्थान मला माहीत नाही. पण मुद्रित खंडांतून आलेल्या नोंदींतील लोकसंख्या, उत्पादन, जिल्ह्यांची संख्या असे आकडे त्या खंडाच्या काळातले असतात; ते आजचे म्हणून देऊ नयेत.

फुकट मिळते ते जुने असते

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या ग्रंथावरचा स्वामित्वहक्क संपतो. याचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही: इंटरनेटवर संपूर्ण आणि विनामूल्य मिळणारे इतिहासग्रंथ बहुतांशी जुने असतात, तर गेल्या पन्नास वर्षांतले संशोधन पैसे मोजल्याशिवाय किंवा ग्रंथालयात गेल्याशिवाय हाती येत नाही. जो विद्यार्थी केवळ मोफत पीडीएफवर विसंबतो, तो नकळत एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेने महाराष्ट्राकडे पाहू लागतो. १८८५ चा पुणे जिल्ह्याचा गॅझेटिअर त्या काळच्या बाजारभावांसाठी आणि पिकांसाठी मोलाचा आहे, परंतु जातींविषयी त्यात केलेली वर्णने ही त्या काळच्या सत्ताधाऱ्यांची मते म्हणूनच वाचली पाहिजेत.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचे उदाहरण इथे उपयोगी आहे. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात १६२७ हे वर्ष आहे, आणि त्यावरून लिहिलेल्या पुष्कळ जुन्या पुस्तकांत तेच उतरले. पुढे लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडील तारीखवार घटनांच्या टिपणात, शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद मिळाली. समकालीन कवी परमानंद याच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यानेही तिला दुजोरा दिला, आणि आज महाराष्ट्र शासन हीच तारीख मानते. डफच्या हाती ही साधने नव्हती. जुन्या ग्रंथात काही वेगळे आढळले, तर तो ग्रंथ खोटा किंवा नवा ग्रंथ पक्षपाती असा निवाडा करण्याआधी दोन्हींच्या मधल्या काळात कोणती नवी साधने पुढे आली, हे पाहावे.

शोधनिबंध असला तरी

संशोधनपत्रिकेत छापून आले म्हणजे प्रश्न मिटला, असे धरून चालू नये. पैसे घेऊन कोणताही मजकूर काही दिवसांत छापणाऱ्या पत्रिका मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांची नावे नामवंत पत्रिकांच्या नावांशी मुद्दाम मिळतीजुळती ठेवलेली असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ पासून चालवलेली, दर्जेदार पत्रिकांची ‘केअर’ यादी या बाबतीत आधार होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाली, त्यामुळे आता ही जबाबदारी संस्था, मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यावर आहे. पत्रिकेचे संपादक मंडळ उघडावे आणि त्यातील दोन-तीन प्राध्यापक खरोखर त्या विद्यापीठात आहेत का, त्यांच्या पानावर या पत्रिकेचा उल्लेख आहे का, हे पाहावे. एकाच अंकात शेतीशास्त्र, संस्कृत नाट्य आणि संगणक यांवरचे निबंध असतील, तर त्यांचे परीक्षण कोणत्या तज्ज्ञाने केले असेल याचा विचार करावा. गूगल स्कॉलरवर निबंध दिसणे ही गुणवत्तेची खूण नाही, कारण तिथे चांगले आणि वाईट दोन्ही नोंदले जाते.

नामवंत पत्रिकांतील निबंधही मागे घेतले जातात. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत १९९८ साली आला आणि २०१० साली मागे घेतला गेला. त्या मधल्या काळात आणि त्यानंतरही तो वापरला जात राहिला. म्हणून निबंध ज्या जुन्या पीडीएफमध्ये मिळाला तिच्यावर न थांबता पत्रिकेच्या संकेतस्थळावरील त्याचे पान उघडावे. मागे घेतल्याची सूचना तिथे दिसते. केवळ सारांश वाचून संदर्भ देऊ नये. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या इंटरनेटवरील संग्रहातील प्रबंधांची गुणवत्ता फार असमान आहे, परंतु त्यांच्या शेवटची संदर्भसूची पुष्कळदा उत्तम मार्गदर्शन करते.

मराठी कागदांची खास अडचण

मराठीतील अनेक जुने शासकीय आणि विद्यापीठीय दस्तऐवज युनिकोडपूर्व फाँटमध्ये (म्हणजे सर्व संगणकांवर सारखी वाचली जाणारी आजची अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये) टंकलेले आहेत किंवा केवळ छायाप्रती म्हणून चढवलेले आहेत. शोधयंत्राला त्यांतील मजकूर वाचता येत नाही किंवा नीट वाचता येत नाही, त्यामुळे अस्सल कागद शोधात मागे पडतो आणि युनिकोडमध्ये लिहिलेला ऐकीव मजकूर पहिल्या पानावर येतो. यावर उपाय असा की विषयाच्या शब्दांनी शोधण्याऐवजी त्या विभागाचे किंवा मंडळाचे नाव शोधावे, त्याच्या संकेतस्थळावर जावे आणि तिथली यादी हाताने चाळावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण अनेकदा प्रकल्पातील सर्वांत मोलाचा कागद असाच मिळतो.

शासन निर्णयाची खातरजमा त्यामानाने सोपी आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाच्या शेवटी, तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे सांगून, त्याचा सांकेतांक दिलेला असतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रतीवरील तो सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकावा. निर्णय सापडला, तर दोन्ही प्रती ओळीने ताडून पाहाव्यात आणि तो नंतरच्या एखाद्या निर्णयाने बदलला किंवा रद्द झाला आहे का तेही शोधावे. सापडला नाही, तर ती प्रत वापरू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेले संदर्भ

चॅटजीपीटीसारख्या साधनांकडे संदर्भ मागितले की ती लेखक, शीर्षक, पत्रिका, वर्ष आणि पृष्ठांसह यादी देतात, आणि त्या यादीतील काही नोंदी अस्तित्वातच नसतात. न्यूयॉर्कमधील एका खटल्यात वकिलांनी असे काल्पनिक निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. इथे नियम सरळ ठेवावा: जो निबंध किंवा ग्रंथ आपण स्वतः उघडून वाचला नाही, तो संदर्भसूचीत येणार नाही. शीर्षक ग्रंथालयाच्या सूचीत आणि पत्रिकेच्या संकेतस्थळावर शोधावे. लेखक खरा, पत्रिकाही खरी, पण निबंध मात्र खोटा, असेही घडते. शोधाचे शब्द सुचवून घेण्यासाठी किंवा अवघड परिच्छेद समजून घेण्यासाठी ही साधने वापरता येतात. एखादी गोष्ट घडली याचा पुरावा म्हणून त्यांचे उत्तर वापरता येत नाही.

नोंद ठेवण्याची रीत

तपासणी केली तरी तिची नोंद राहिली नाही, तर लेखनाच्या वेळी सगळे पुन्हा करावे लागते. प्रत्येक विधानापुढे चार गोष्टी लिहाव्यात: मूळ साधन कोणते, आपण प्रत्यक्ष काय पाहिले, ते कोणत्या तारखेला पाहिले, आणि त्यात कोणती शंका उरली. शासकीय संकेतस्थळांची रचना बदलली की जुने दुवे तुटतात. म्हणून पीडीएफ स्वतःकडे उतरवून ठेवावी आणि पानाची प्रत वेबॅक मशीन या, संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहावर जतन करावी. तुटलेल्या दुव्याची जुनी प्रतही पुष्कळदा तिथेच मिळते.

दोन भरवशाची साधने जुळत नसतील, तर एकाला गाळून दुसरे ठेवू नये. ‘२०११ च्या जनगणनेच्या अंतिम तक्त्यांनुसार भारतातील लिंग गुणोत्तर ९४३ होते, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ते १,०२० आढळले, परंतु ती नमुना पाहणी असल्याने आणि तिची गणनापद्धती वेगळी असल्याने दोहोंची थेट तुलना केलेली नाही’ असे एक वाक्य परीक्षकाला विद्यार्थ्याची समज दाखवते. मूळ कागद मिळाला नाही आणि विधान मात्र गरजेचे असेल, तर जे प्रत्यक्ष वाचले त्याचाच संदर्भ द्यावा. मेकॉलेचे वाक्य एखाद्या आधुनिक पुस्तकात वाचले असेल, तर संदर्भात आधी त्या पुस्तकाचे नाव आणि पृष्ठ येईल, आणि त्यापुढे मूळ टिपणाची तारीख ‘उद्धृत’ या शब्दासह येईल.